हात न लावता बसलेली माणसं

"धाकटे, अंडी झाली," ताई फोनवर म्हणाली. "सात. चार पांढरी पडली, ती गेली. तीन आहेत काचेसारखी. उद्या सकाळी नवाच्या पुढे कधीही हृदय सुरू होईल. तोवर तुझं ते यंत्र वळणावर आण, नाहीतर मी हातोडी घेते हातात."

मी ऑफिसात होते. दुसऱ्याच कुणाच्या कॉम्प्युटरचं पोट उघडून धूळ झटकत होते. दुपारचे बारा वाजलेले, आणि साहेबांना काय सांगावं ते सुचेना. बहिणीकडे मासा जन्माला येतोय म्हणून रजा हवी, हे कोणत्या तोंडानं सांगणार? तरी तेच सांगितलं. साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुलगा की मुलगी, कळवा."

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. एकतीस वर्षं तिनं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला लागतात. हिनं घराच्या मागच्या खोलीत काचेच्या चार टाक्या मांडल्या आणि करंगळीएवढे पट्टेरी मासे पाळले. या माशांचं अंडं राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, पण आरपार. आतला जीव घडताना बाहेरून दिसतो. जणू घर बांधणारा भिंती घालायच्याच विसरला.

वर्गात ती धडे ओवीत बांधायची. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आज पन्नाशीला टेकली, तरी रस्त्यात दिसली की तिला म्हणून दाखवतात:

माशाचं गं काळीज, दोन खोल्यांचं घर,
एकीतून आत येई, दुसरीतून वर.

ते दोन खोल्यांचं घर तिनं हजारो मुलांना दाखवलं. पण ते सुरू होताना तिनं स्वतः कधी पाहिलं नव्हतं. शाळेत अंडं भिंगाखाली ठेवलं की नेमकी घंटा व्हायची, नाहीतर मुख्याध्यापक बोलवायचे. परत येईपर्यंत ते ठोके देत असायचं, जसं काही जन्मापासून तेच करत आलंय. "एकतीस वर्षं मी गोष्ट मधूनच सांगितली गं," ती म्हणायची. "सुरुवात मलाच ठाऊक नाही."

आणि आता तिची नजर चालली होती. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग. जिथे बघावं तिथेच धुकं, कडेचं तेवढं शाबूत. माझ्याशी बोलायचं तर ती माझ्या कानाकडे बघते, तेव्हा कुठे तिला माझं तोंड दिसतं. डावा डोळा जवळजवळ गेला होता. उजव्यासाठी डॉक्टरांनी दोन-तीन महिन्यांची भाषा केली होती. टाकीत मादी एकच उरलेली, तीही म्हातारी. नवी पिल्लं आणून वाढवायची तरी तीन महिने हवेत. पुढचं कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

"रेकॉर्ड करून ठेवू," मी एकदा म्हणाले होते. "मग निवांत बघ, हवं तेवढ्यांदा."

"होऊन गेलेलंच दाखवत आले जन्मभर," ती म्हणाली. "मला घडताना बघायचंय."

सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावून तिला आता काही दिसत नसे. म्हणून मी त्यावर छोटा कॅमेरा बसवला आणि चित्र मोठ्या पडद्यावर आणलं. तिचा कॉम्प्युटर जुना, जिना चढलेल्या माणसासारखा धापा टाकायचा. त्यावर मी लिनक्स चढवलं, कॉम्प्युटर चालवणारं मोकळं सॉफ्टवेअर. ज्याचं पोट कुणीही उघडून बघावं, बिघडलेलं नीट करावं आणि पुढच्याला द्यावं, असं ते. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांनी फावल्या वेळात विणलेलं. यंत्राला पंख फुटले. आणि मग ताईला आवडेल म्हणून, केवळ हौसेपायी, मी त्यावर माशांचा स्क्रीनसेव्हर लावला.

तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

कारण त्या खोलीचा एक नियम आहे. बघताना टेबलाला हात लावायचा नाही. एवढं मोठं करून बघताना टेबलाला नुसतं बोट लागलं तरी पडद्यावर सगळं गदगदतं, आणि अंड्यातला जीव पाठ फिरवून बसतो. माऊस त्याच टेबलावर, कीबोर्ड त्याच टेबलावर. म्हणून आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून, श्वास सांभाळून बसायचो. भावोजींना तर आत यायचीच बंदी. त्यांचं वजन असं की ते ओट्याशी चालले तरी पडद्यावर कळतं. मी त्यांना भूकंप म्हणते, तोंडावरच म्हणते. आम्ही अशा दगड होऊन बसलेल्या, आणि दहाव्या मिनिटाला यंत्राला वाटायचं, इथे कोणीच नाही.

पहिल्या खेपेला बरोबर त्या घडीला पडद्यावर लाल-पिवळे मासे पोहत आले, तोंडातून बुडबुडे सोडत.

"हे कोण?" ताई म्हणाली.

मी माऊसकडे झेपावले, टेबल हललं, आणि चित्र जागेवर येईतो हृदय सुरू झालेलं.

"वा गं माझे बाई! खरा मासा उंबऱ्यावर आला, आणि तुझे खोटे मासे मध्ये नाचायला!"

मी खोटे मासे काढून टाकले. दुसऱ्या खेपेला दहाव्या मिनिटाला पडदा सरळ काळा ठिक्कर झाला. तिसऱ्या खेपेला भावोजींनी अक्कल लढवली. लांब वायरचा माऊस आणून तो दाराबाहेर नेला, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर माऊस, आणि "मी हलवत राहतो, तुम्ही बसा बघत." अर्धा तास त्यांनी इमानानं हलवला. बाण पडद्यावर माशीसारखा घोंगावत होता, तरी ताई काही बोलली नाही. मग भावोजींना डुलकी लागली, बोट कुठेतरी दाबलं गेलं आणि कॅमेऱ्याची खिडकीच बंद झाली. त्या दिवशी ताई कुणावर रागावली नाही. तेच मला जास्त लागलं.

तर ही चौथी खेप, आणि शेवटची.

मी पोचले तेव्हा ताई टाकीशी उभी होती. म्हातारी मादी कोपऱ्यात पंख हलवत होती. "दमलीये," ताई म्हणाली. "तिनं तिचं काम केलं. आता तू बैस."

मी बसले. आजवर मी रागाच्या भरात समोर येईल ते एकेक बंद करत आले होते. पडदा झाकणारे राखणदार यंत्रात किती बसलेत, हे विचारलंच नव्हतं. आज आधी ते विचारलं. काळ्या चौकटीत एकेक हुकूम टाकला, यंत्रानं इमानदारीत एकेक उत्तर दिलं. राखणदार तीन निघाले. एक चित्रं नाचवणारा. दुसरा कुलूप घालून परवलीचा शब्द मागणारा. तिसरा सगळ्यांच्या खाली बसलेला, पडद्याची वीज वाचवणारा. त्याला वरच्या दोघांची ओळखही नाही. पण तिघं एकच गोष्ट मोजत होते: शेवटचा हात कधी लागला. सहाशे सेकंद. सहाशे. सहाशे.

"मग हाकल की तिघांना," ताई माझ्या मागून म्हणाली.

"हाकलले तर यंत्र पुन्हा सुरू झालं की परत येतात. एकाला काढलं की दुसरा त्याच्या जागी उभा राहतो. दुसऱ्या खेपेला तेच झालं."

"म्हणजे माझ्या वर्गातली मागच्या बाकावरची पोरं."

दर तपासणीला दहा मिनिटं थांबत बसले असते तर दिवस तिथेच संपला असता. म्हणून मी तिघांचं घड्याळ दहावरून एका मिनिटावर आणलं. आता चूक लगेच तोंड दाखवणार. मग कागदपत्रं वाचायला घेतली. या मोकळ्या सॉफ्टवेअरचं हेच आहे, नुसतं वापरायचं नाही, आत कुणी काय लिहून ठेवलंय तेही वाचता येतं. सिनेमा बघताना पडदा विझत नाही, तो का विझत नाही, याचा माग मी काढत गेले. सिनेमा दाखवणारा प्रोग्रॅम राखणदारांना निरोप देतो म्हणे: मी चालू आहे तोवर गप्प राहा. आमच्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम कुणीतरी घाईत लिहिलेला, त्याला निरोप द्यायची रीतच माहीत नव्हती.

आणि तिथे, त्या निरोपाच्या कोडात, कुणीतरी एक ओळ लिहून ठेवली होती. यंत्रासाठी नाही, यंत्र ती ओळ ओलांडून पुढे जातं. ती फक्त वाचायला येणाऱ्या माणसासाठी. तिचा अर्थ असा होता: जो नुसता बघतोय, तोही इथे आहे.

मी ती ओळ ताईला वाचून दाखवली.

"कुणी लिहिलंय?"

"नाव नाही. तारीख आहे. सतरा वर्षांपूर्वीची."

ताई पडद्याच्या कडेकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांना ती बारीक अक्षरं दिसणं शक्यच नव्हतं. "सतरा वर्षांपूर्वी," ती हळू म्हणाली, "तेव्हा मी नववी क ला शिकवत होते. आणि हा कुणी तरी कुठे तरी बसून माझ्यासाठी दार उघडं ठेवत होता." मग खाकरून म्हणाली, "पुढे चल, पुढे चल, रडत बसू नकोस."

रडत मी नव्हते. पण अंगावर काटा आला होता, तो बाह्या खाली ओढून झाकला.

मी चार ओळी लिहिल्या. कॅमेरा सुरू झाला की तिघांना निरोप जाईल, कॅमेरा बंद झाला की ते आपापल्या कामाला लागतील. कुणाला हाकललं नाही, नुसतं सांगितलं. मग आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून बसलो. तीस सेकंद झाले. पडदा जागा. पन्नास. जागा. साठाव्याला कुलूप आलं.

"आलं बघ तुझं पोर," ताई म्हणाली.

एक अक्षर चुकलं होतं माझं. ते सुधारलं, परत बसलो. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. रिकाम्या काचेचं चित्र पडद्यावर स्वच्छ उभं होतं, आणि आम्ही दोन म्हाताऱ्या रिकाम्या काचेकडे अशा बघत होतो, जसं काही तिच्यातून कुणी हाक मारणार आहे.

"आपण इथे आहोत हे त्याला कळलं म्हणायचं?" ताईनं विचारलं.

"कळलं."

"हात न लावता?"

"हात न लावता."

दाराबाहेरून भावोजी म्हणाले, "म्हणजे माझी माऊस हलवायची नोकरी गेली."

"तुम्हाला निवृत्तीचा नारळही नाही मिळायचा," ताई म्हणाली. "झोपलात कामावर."

मी तिघांची घड्याळं परत दहावर नेली, दोनदा तपासली आणि त्या रात्री तिथेच राहिले.

सकाळी साडेआठला ताईनं तीनमधलं सगळ्यात स्वच्छ अंडं उचललं. बोटांना सवय एवढी की डोळ्यांची गरजच पडली नाही. थेंबभर पाण्यात ते काचेवर ठेवलं, मी भिंग जुळवलं, कॅमेरा सुरू केला आणि हात काढून घेतले.

मी हे कैकदा पाहिलं होतं, तरी दर वेळी बोलणं बंद होतं. पडद्यावर एक गोल जग. आत पिवळसर चंद्र, तो त्याचा शिदोरीचा डबा. आणि त्या चंद्राला मिठी घालून पडलेला काचेचा जीव. डोळ्याच्या जागी नुसती वाटी. पाठीवर मणी ओवल्यासारखे कप्पे. शेपूट मधूनच झटका देई, झोपेत लेकरू पाय झाडतं तसं. बाकी सगळं स्तब्ध. डोक्याखाली, चंद्राच्या कडेशी, एक नळी होती, इतकी फिकी की आहे म्हणावं तर नाही, नाही म्हणावं तर आहे.

"नळी दिसतेय?" ताईनं विचारलं.

"दिसतेय. हलत नाही."

"मला नळी दिसत नाही," ती म्हणाली. "तिच्या जागी धुकं आहे." तिचा आवाज सरळ होता. तिनं खुर्ची जराशी वळवली, पडदा सोडून खिडकीच्या चौकटीकडे तोंड केलं आणि तशीच बसली. "आता कडेनं येतंय थोडं. तू नीट बघ. सुरू झालं की सांग. सांगितलंस की मी लगेच शोधेन."

एवढं सगळं करून शेवटी तिनं माझ्याकडून ऐकायचं होतं. पुन्हा गोष्ट दुसऱ्यानं सांगायची होती. मी डोळे फाडून त्या नळीवर रोखले. पापणी लवू नये म्हणून डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

दहावं मिनिट आलं. आम्ही दोघींनी ते अंगानं ओळखलं. ताईच्या बांगड्या गप्प झाल्या. दहावं मिनिट गेलं. पडदा जागा. ना मासे, ना अंधार, ना कुलूप. वीस झाली, तीस झाली, तास उलटला. यंत्र बापडं चित्र धरून उभं होतं, कंदील धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं, आणि आम्ही त्याला बोटही लावलं नव्हतं. मला त्या बिननावाच्या माणसाची आठवण झाली. त्याला काय ठाऊक, त्याची ओळ आज कुणाच्या उंबऱ्यावर पहारा देतेय.

शेपटीनं झटका दिला. जीव किंचित वळला. पण नळी अजून समोर होती, स्तब्ध.

"सुरू झालं," ताई म्हणाली.

"नाही गं. मी बघतेय. काहीच..."

"सुरू झालं म्हणते ना! हललं."

मी नळीकडे बघत होते, अगदी समोरून, चांगल्या धडक्या डोळ्यांनी. काही नव्हतं. मला वाटलं, आस लागली की माणसाला हवं ते दिसतं. तिला कसं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

आणि तेवढ्यात मला दिसलं. नळीच्या एका टोकाला सुरकुती पडली. पाण्यावर फुंकर घालावी इतकीच. ती सरकत दुसऱ्या टोकाला गेली आणि विरली. मग काहीच नाही. मी मनात पाचपर्यंत मोजलं. मग पुन्हा.

"आत्ता," ताई म्हणाली, सुरकुती उठली त्याच क्षणाला. तोंड खिडकीकडेच होतं. "आणि... आत्ता."

ती एकही ठोका चुकत नव्हती. उलट मीच मागे पडत होते. पुसट हालचाल मला समोरून शोधावी लागत होती. तिच्या उरलेल्या कडांना ती आपोआप लागत होती.

"ताई, तू मघाशी म्हणालीस तो पहिला होता. मला दिसला नाही. मी दुसऱ्यापासून पाहिलं."

तिनं नुसती मान हलवली. तिच्या डोळ्यांच्या त्या चांगल्या कडांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला हात उचलला तर टेबल हलेल म्हणून तिनं तो उचललाच नाही.

ठोके आता जवळजवळ येत होते. एखादा अडखळे, एखादा घाईनं दोन पावलं टाके. नव्या नवरीनं अनोळखी घरात चालावं तसे. त्यात अजून रक्तही नव्हतं. रिकामं घर नुसतं दारं उघडून-लावून बघत होतं.

"अहो," ताईनं हाक मारली. "या आत."

दाराबाहेरून भावोजींचा आवाज: "मी? माझ्यानं हलेल सगळं."

"हलू दे. या."

ते आले. पडदा गदगदला, गोल जग डावीकडे-उजवीकडे झुललं, आणि त्या झुलण्यात ती सुरकुती आपल्या वेळेला उठली, आपल्या वेळेला गेली. भावोजी ताईच्या खुर्चीमागे उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण श्वास मुठीत धरून. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "याला सुरू कोण करतं?"

"कोणी नाही."

"म्हणजे मेंदू वगैरे..."

"मेंदूची तार अजून तिथवर पोचलीच नाही. यायला वेळ आहे. त्यातल्या पेशी आपल्या आपण ठरवतात. आधी एक हलते, तिचं बघून शेजारीण."

"आणि मग थांबतं कधी?"

"मेला की. तीन वर्षांनी, साडेतीन वर्षांनी."

"मध्ये एकदाही नाही?"

"मध्ये एकदाही नाही."

भावोजींनी डोळे मिटले, परत उघडले. काही तरी विनोद करायला म्हणून ओठ हलले असावेत, पण तो जमला नाही. ते खाली फरशीवरच बसले, पाय पसरून, यात्रेतल्या पोरासारखे तोंड उघडं टाकून.

"धाकटे, घड्याळ बघ," ताई म्हणाली. "वही घे. लिही. नऊ वाजून..."

"त्रेचाळीस. पण आपल्याला सुचेपर्यंत दोन मिनिटं तरी गेली असतील."

"मग एकेचाळीस लिही. अंड्याचं वय लिही. पाण्याचं तापमान लिही." ती एकतीस वर्षांच्या आवाजात सांगत होती, मी नववीतल्या मुलीसारखी लिहीत होते. शेवटच्या रकान्याशी मी थांबले. तिथे छापलं होतं: निरीक्षण कोणी केलं.

"काय लिहू?"

ताईनं माझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे. "जे झालं ते लिही. पहिला ठोका मी पाहिला. दुसरा तू." मग फरशीकडे मान वळवली. "अहो, तुम्ही कितवा?"

"मोजला नाही गं," भावोजी म्हणाले. "थांब, आता मोजतो." आणि बोटं उघडून, ओठ हलवत, ते एकपासून मोजायला लागले.